दोनदा थोपटले की सोडायचे

मी, सुभद्राबाई धर्मराज गदळे, वय ५७ वर्षे, धंदा शेती व व्याख्याने, रा. युसूफ वडगाव, ता. केज, जि. बीड, समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की,

मी वरील पत्त्यावर पतीसह राहते. मुलींचे शिक्षण व बालविवाह या विषयांवर मी गावोगाव बोलते. आमच्या गावात आदिनाथ सर बंद पडलेल्या तेलगिरणीच्या शेडमध्ये ब्राझिलियन जिउ-जित्सूचा वर्ग चालवतात. गावात त्याला झोपून खेळायची कुस्ती म्हणतात. त्यात ठोसा नाही, लाथ नाही. समोरच्याला जमिनीवर नेऊन धरून ठेवायचे असते. उद्घाटनाला मी पाहुणी होते. बाईने आता उठले पाहिजे, असे मी भाषणात म्हणाले. भाषण झाल्यावर सरांनी मला आधी पडायला शिकवले. तेव्हापासून मी तेथे जाते. मागे शेताच्या बांधावरून घसरले, गडगडत खाली गेले आणि लुगडे झटकून उठले. माझ्या बरोबरीच्या मंगलबाई तशाच पडल्या होत्या, त्या अजून खाटेवर आहेत.

अंगावर आलेल्या धिप्पाड माणसाखाली जी मुलगी श्वास सांभाळून विचार करायला शिकते, तिला पुढे कोणी दडपू शकत नाही. हे मी कोणत्याही व्यासपीठावरून सांगेन. आमच्या वर्गातल्या एकाही मुलीचे यंदा ऊसतोडीच्या आधी घाईघाईने लग्न लावता आले नाही, कारण

येथे हवालदार सुग्रीव साहेब यांनी ‘मावशी, इथं माइक न्हाई, हकीकत सांगा’ असे सांगितल्याने हकीकत सांगते.

आरोही, वय १९, ही माझ्या शेजारी तिच्या आजीजवळ राहते. आईवडील कारखान्यावर ऊसतोडीला गेलेले आहेत. ती पोलीस भरतीची तयारी करते. तिच्याविरुद्ध आलेल्या तक्रारीवरून गुन्हा दाखल झाला तर तिची भरती अडेल. आईवडिलांना यातले अद्याप काही कळवलेले नाही.

शुक्रवारी दुपारी आरोही, तिची आमच्या वर्गातली मैत्रीण संस्कृती व मी फाट्यावर रिक्षाची वाट पाहत होतो. तेथे गावातील बागाईतदाराचा पुतण्या विजयसिंह मोटारसायकलवरून आला व त्याने संस्कृतीचा हात धरला. आरोही ‘हात सोड तिचा’ असे म्हणाली. त्यावर तो ‘कावून गं, लई पैलवान झाली का?’ असे म्हणून तिची वेणी ओढू लागला. पुढच्या क्षणी तो खाली होता आणि आरोही त्याच्या पाठीमागून गळ्याला हाताचा विळखा घालून होती. त्याने जमिनीवर दोनदा थोपटले. आरोहीने लगेच सोडले.

आमच्या वर्गाचा पहिला नियम असा की, समोरच्याने दोनदा थोपटले की तो हरला, त्याला त्याच क्षणी सोडायचे. याला टॅप म्हणतात. यात वाद नाही, उशीर नाही.

विजयसिंह उठला व पुन्हा तिच्या अंगावर गेला. पुन्हा खाली आला, पुन्हा थोपटले, पुन्हा तिने सोडले. तो तिसऱ्यांदा खाली आल्यावर मी ओरडले, ‘आगं, आता सोडू नको त्याला!’ ती म्हणाली, ‘मावशी, टॅप केलाय त्यानं. सरांनी काय सांगितलंय?’ आणि सोडले. चहावाले शहादेव म्हणाले, ‘पोरगी सोडतीया आन् ह्यो गडी पुन्हा जाऊन बसतोय!’ लोक हसले. मग विजयसिंह मोटारसायकल तेथेच ठेवून पायी निघून गेला.

विजयसिंहने तक्रारीत लिहिले आहे की, आरोहीने जिवे मारण्यासाठी गळा धरला, लोकांनी ओढून काढले म्हणून तो वाचला, आणि टॅप वगैरे त्याला ठाऊक नाही. हे खोटे आहे. कोणी कोणाला ओढले नाही. दिवाळीनंतर तो आठवडाभर वर्गाला येत होता. संस्कृतीने त्याला खाली धरले, त्या दिवसापासून आला नाही.

टॅप नेमका कसा, असे साहेबांनी विचारले. दाखवते म्हणाले. त्यांनी स्वखुशीने डावा हात पुढे केला. मी मनगट व कोपर धरले. साहेब ‘ह्यात काय हाय’ असे म्हणाले, आणि लगेच त्यांनी उजव्या हाताने टेबलावर दोनदा जोरात थोपटले. त्यासरशी बाहेर बाकावर बसलेला विजयसिंह उघड्या दारातून ओरडला, ‘ओ मावशी, सोडा की! टॅप केलाय त्यांनी!’

मी आधीच सोडले होते.

साहेबांनी विजयसिंहचे ते वाक्य जसेच्या तसे लिहून घेतले व ‘ये बे आत, तुझा बी जबाब पुन्हा लिहू’ असे त्याला सुनावले. त्यावर त्याने तक्रार चालवायची नाही, असे सांगितले. आरोही बाहेर लिंबाखाली उभी आहे. तिला ही गोष्ट मी स्वतः सांगणार आहे.

हा जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. दुसऱ्या पानावरील चहाचा डाग टेबलावर थोपटल्यामुळे पडलेला आहे, त्याबद्दल माझी काही हरकत नाही.

सही
सुभद्राबाई धर्मराज गदळे