जिनसेंगची पुडी

तुम्ही हसाल, पण अडीच महिन्यांची लेक मांडीवर घेऊन मी चिनी मुळीवरचं संशोधन वाचलंय. नवऱ्याच्या सुरतेजवळच्या पलसाण्यातल्या, कापड रंगवायच्या मिलमध्ये मशीन बसवायला चिनी इंजिनिअर आला होता. आम्हाला मुलगी झाल्याचं कळल्यावर त्यानं बाळंतिणीचा थकवा जाईल म्हणून जिनसेंगची पुडी दिली. मी बी.एस्सी. झालेली, न वाचता कशी घेणार? बरेचसे प्रयोग उंदरांवरचे, आणि अंगावर पाजणाऱ्या बाईनं घ्यावं का, याची खात्री कुणालाच नाही. म्हणजे माझ्या घाबरण्याला शास्त्रीय आधार मिळाला.

परभणीला आईला फोन लावून वाचलेलं सगळं सांगितलं. बाबांना अर्धांग झाल्यापासून तिला घर सोडता येत नाही, म्हणून माझं बाळंतपण इथंच, सुरतेत झालं.

"कुणाला देऊन बघितलं म्हणतीस?"

"उंदरांना. मुळी खाल्लेले कमी दमले म्हणे."

"त्या उंदरिणींना बाळंतपणाला माहेरी नेलं होतं का?"

मला हसू आलं. आई हसली नाही.

"तुला थकवा आलाय, का करमंना?"

"थकवाच," मी म्हटलं.

"ती मुळी राहू दे, लेकरू पितंय तुझं. आणि फोन बंद करू नको. ते झोपेपर्यंत चालू ठेव."

मी फोन उशीवर ठेवला. तिकडे आई भाकरी थापत होती, मधूनच बाबांशी बोलत होती.

लेक टक्क जागी राहिली. झोप मला लागली.