लांब बसलेली सून

दवाखान्यात नंबर येईपर्यंत मी जपमाळ काढली होती. समोर एक सासूबाई चाकाच्या खुर्चीत पाय लांब करून बसल्या होत्या आणि त्यांची सून पार दाराजवळ.

"पूर्णिमा, इतकी लांब का गं?"

"आई, संधिवाताचं जे इंजेक्शन दिलं ना गुडघ्यात, त्यात किरण सोडणारं औषध असतं. दोन दिवस लांब राहायचं."

"माझा संतोष तर मघाशी पाय धरून बसला होता. त्याला नाही लागत किरण?"

"त्याला चालतं."

"नर्सलाही चालतं. सोवळं फक्त सुनेलाच?"

"तसं नाही हो. मी दोन दिवस माहेरी जाऊन येते."

"माहेरी? माझं काय चुकलं, ते तरी सांग."

"डॉक्टरांनी कागदावर लिहिलंय सगळं."

"चष्मा घरी राहिला. तूच वाच."

"लहान मुलांनी आणि... गरोदर बायकांनी जवळ बसू नये."

"आपल्याकडे कोण आहे गरोदर?"

सुनेनं पदर पोटावर ओढून घेतला.

"अगं बाई! कितवा?"

"दुसरा. तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असं तुम्हीच म्हणता ना?"

सासूबाई एकदम माझ्याकडे वळल्या.

"अहो, तुम्ही काही ऐकलं नाहीत हं!"