सहावी ओळ

नाही, ते यंत्र आधी बंद कर — बंद म्हणजे बंद, तो लाल ठिपका दिसतोय मला, डोळे गेलेत पण इतकेही नाही गेले — हां, ठेव पिशवीत आणि बस. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय डुगडुगतो, इथे पलंगावर बस. दोन दिवस चालत आलीस ना? मग तासभर यंत्राशिवाय बसायला काय जातं तुझं? तुमच्या वस्तीनं नदीवर चाक बसवलं, वीज केली, कुठलं तरी जुनं यंत्र खटपट करून उठवलं — ऐकलंय सगळं, कौतुक आहे — आणि खोटं कशाला बोलू, मघाशी तू बटण दाबलंस, तो टक् असा आवाज आला आणि मी वळून बघितलं. चाळीस वर्षांनी ऐकला तो आवाज. तर म्हणे, जाणाऱ्या माणसाच्या कानात म्हणायचा सात ओळींचा पाठ माझ्या तोंडून त्यात भरून घ्यायचा, म्हणजे पुन्हा कधी हरवायचा नाही. हे वाक्य मी आधी ऐकलंय गं. ऐकलंय काय, मीच बोलायचे.

तुला वाटलं असेल मी कुणी भिक्खुणी वगैरे — छे, पगारी बाई मी. याच विहाराच्या मागच्या खोलीत स्कॅनिंगचं मशीन होतं, त्यावर बसायचे. पान ठेवायचं, झाकण लावायचं, उजेड सरकला की पान उलटायचं — दिवसाला सहाशे पानं, नऊ वर्षं. पोथ्यांचे गठ्ठे आणून द्यायला एक म्हातारे भंते यायचे, खांदा वाकलेला, पण गठ्ठा खाली ठेवायचे तो असा, की झोपलेलं मूल ठेवावं. आणि काम झालं की पोथ्यांचं काय? लगद्याला. हो, लगद्याला — जागा नव्हती, ओल येत होती, कारभाऱ्यांनी ठरवलं आणि कागदावर सही केली मी. भंते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘मग आता पोथी आहे कुठे?’ मी म्हटलं, सगळीकडे आहे भंते, आता ती सगळीकडे आहे. ते म्हणाले, ‘सगळीकडे म्हणजे कुठे?’ आणि मी हसले — म्हाताऱ्या माणसाला कळत नाही म्हणून हसतात ना, तशी.

त्यानंतर त्यांनी मला हा पाठ तोंडी द्यायला सुरुवात केली. मलाच का, विचारू नकोस, मीही विचारलं नाही — बहुतेक मी रोज समोर सापडायचे म्हणून. सकाळी एक ओळ, तीनदा ऐकायची, तीनदा म्हणून दाखवायची. म्हणायचे, यंत्र ठेवून घेतं, पण त्याला आठवत नाही. आठवण्याचं काम ज्याला विसरता येतं त्याचंच. पूर्वी म्हणे दोनशे जण एकत्र बसून म्हणायचे, म्हणजे एकाचं चुकलं तर बाकीचे तिथल्या तिथे धरायचे. आमच्यात दोघंच. पहिल्या दिवशी — श्वास आला, तो तुझा नव्हता. दुसऱ्या दिवशी — श्वास जाईल, तोही तुझा नाही. मग हात जड झाले, त्यांना खाली ठेव. मग नाव जड झालं, तेही खाली ठेव. पाचवी — मागून कुणी हाक मारेल, वळू नकोस. आणि सहाव्या दिवशी मशीनमध्ये पान अडकलं होतं. मी अर्धी वाकून ते काढतेय, भंते ओळ म्हणतायत, मी तिन्ही वेळा त्यांच्यामागोमाग तोंड हलवलं — लक्ष सगळं त्या अडकलेल्या पानात. त्यांनी विचारलं, आली का? मी म्हटलं, आली. दुसऱ्या दिवशी त्यांनी सातवी दिली.

पुढचं तुला तुमच्याकडच्या म्हाताऱ्यांनी सांगितलंच असेल. वीज गेली म्हणून पंप गेले, पंप गेले म्हणून पाणी, पाणी गेलं म्हणून दवाखाने, आणि दवाखाने गेले म्हणून — जाऊ दे. आम्ही मशीनवाले याला जोडणी म्हणायचो, मिरवायचो, सगळं सगळ्याला जोडलंय म्हणून. भंते म्हणाले, हेच तर आम्ही शिकवत आलो, एकट्यानं काहीच उभं नसतं. तुम्ही ते इतकं घट्ट बांधलंत की पडताना एकदम पडलं. वर म्हणाले, त्या मशीनवर चिडू नकोस, तेही आपल्यासारखंच, जमून आलं होतं, विखुरलं. मी तर रोज सकाळी त्याचं झाकण पुसून ठेवायचे. वेडीच होते. वाटायचं, येईल वीज.

आणि भंते नंतर चार महिने जगले, बरं का. याच भिंतीपलीकडे. मी त्यांना पाणी द्यायचे, पाठीला हात लावून उठवून बसवायचे. विचारता आलं असतं की नाही? आलं असतं. भंते, सहावी ओळ पुन्हा सांगा — किती वेळ लागतो म्हणायला? पण मग कबूल करावं लागलं असतं की त्या दिवशी ‘आली’ म्हटलं ते खोटं होतं. आणि मनात एकच — स्कॅन केलेल्या पोथीत पाठ आहेच, वीज आली की यंत्रात बघून घेईन. चार महिने मी विजेची वाट पाहिली आणि पलीकडे माणूस संपत होता. त्यांच्या कानात पाठ म्हणायला मीच होते. सहावीपाशी नुसती पुटपुटले. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. बस, एवढंच. ते डोळे मी अजून बघते.

म्हणजे काय, मग तुम्ही सगळे म्हणता ती सहावी ओळ कुठून आली? आता ते विचारू नकोस — विचारलंस ना? बरं. माझी ताई. तिचा मुलगा वीज गेल्यानंतरच्या थंडीत आधीच गेला होता. ती जायला लागली तेव्हा तिनं माझं मनगट असं धरलं होतं की चार दिवस वळ होते. मी पाच ओळी म्हटल्या आणि थांबले. ती डोळ्यांनी विचारतेय, पुढे? पुढे काय? आणि माझ्या तोंडून निघालं — पुढे कुणीतरी तुझी वाट पाहतंय. तिनं मनगट सोडलं. इतकं सोपं सोडलं. खोलीत चार बायका होत्या, त्यांनी ते घरी नेलं, आठवड्यात नदीपार पोहोचलं. मी कुणाला काही बोलले नाही. कळतंय का तुला, मी काय केलं ते? हे सोड, ते सोड, वळू नकोस म्हणणाऱ्या पाठात मी मधोमध वाट पाहणारं माणूस उभं केलं. त्याच्या अगदी उलट. तोंडातोंडी आहे तोवर वाटायचं, झिजेल, बदलेल, कुणाला तरी खरी ओळ सुचेल. पण एकदा तुझ्या यंत्रात गेली की ती तीच राहणार, सगळीकडे.

काय?

पुन्हा सांग. किती वर्षांची होती?

अगं, आधी का नाही बोललीस. मुलगी होती तुझी आणि मी आपली बडबडतेय — तीच ओळ म्हटली होतीस तिच्या कानात? तीच. आणि ती हसली. हो, हसतात. ताईसुद्धा. नाही, माझ्याकडे असं बघू नकोस, पुढे कुणी आहे की नाही मला काय विचारतेस, मी स्कॅनिंगवाली बाई, मला फक्त एवढं माहीत आहे की ती ओळ त्या पाठातली नाही. मला क्षमा कर. रडायचं तर रड, इथे बघायला कोण येतंय.

ऐक. मी ठरवलंय ते सांगते, मग तुला हवं ते कर. पाच ओळी म्हणायच्या. मग एक ओळ म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढं गप्प राहायचं. तिथं काहीतरी होतं आणि ते गेलं, एवढं तरी खरं राहील. मग सातवी — दिवा कुठे गेला, असं विचारू नये. असं भर तुझ्या यंत्रात. मी जाईन त्या वेळीही असंच म्हण, तुझ्याऐवजी कुणाला पाठवलंस तर त्यालाही सांग. काढ यंत्र, दाब बटण. राहू दे चालू, आधी एकदा नुसतं म्हणून बघू, दोघी मिळून. श्वास आला. श्वास जाईल. हात. नाव. मागून कुणी हाक मारेल, वळू नकोस. आता गप्प —

थांब, ओठ हलले तुझे. नाही हलले? नक्की?

मग माझेच हलले असतील, त्याच ओळीवर. बंद कर ते. ऊन उतरायला लागलंय, जा तू आता, दार ओढून घे.