आठवा हात

आठ होते हो, आठ! मी स्वतः मोजले! पण विश्वास कोणी ठेवला? एकानेही नाही!

आता तुम्हीच ऐका. पाच गावांच्या ख्रिस्ती मंडळ्या, प्रत्येक गावाने तीन पंच निवडायचे, अशी पंधरा जणांची सभा, आणि तिच्यात बाई मी एकटी. चौथी शिकलेली म्हणून गावाने पाठवली, नाहीतर त्या मिशांच्या रांगेत मला कोण बसू देतं! त्या दिवशी विषय एकच... आमच्या गावची मुलींची शाळा ठेवायची का मोडायची? पोरी चार. त्यातली एक माझी सोनी, नुकती जोडाक्षरं वाचायला लागलेली. आणि मास्तरीण भिकुबाई म्हणे खांडबाऱ्याच्या मोठ्या शाळेला पाहिजे!

आमच्या सभेची रीत कशी? मत द्यायचं ते डोळे मिटून, प्रार्थनेला बसल्यासारखं, नुसता हात वर. कोणाला कोणाची भीड नको! डोळे उघडे फक्त सभापती गोवालदादांचे; ते पंधरांच्या बाहेरचे, हात मोजणार आणि बरोबरी झाली तरच मत देणार. पण तुम्हाला सांगते, मला राहवेना. बघितलं मी. हो, बघितलं! शाळा राहू द्या म्हणणारे आठ!

गोवालदादा काय म्हणतात? "मोडा, सात. राहू द्या, सात. एक पंच गप्प. बरोबरी झाली, तर माझं मत... मोडा."

मी ताडकन उठले. "आठ होते!"

"धनुबाई, मंग तुन्हा डोया उघडा व्हतात का?"

झालं! शाळा राहिली बाजूला, अर्धा तास सभा माझ्या डोळ्यांवर!

पण मी सोडते का? तो गप्प बसलेला भित्रा कोण, शोधतेच म्हटलं. पाच गावं पायी फिरले. सात जण म्हणाले मोडा, सात जण छाती ठोकून, "मन्हा हात वर व्हता!" सात ते, आठवी मी. गप्प कोणीच नाही! म्हणजे गोवालदादा खोटे ना?

शेवटी म्हातारे पंच वाहरूबाबा म्हणाले, "बहिन, तू कशी बसेल व्हती? दाखाड."

दाखवलं. डावा हात कपाळावर, बोटांच्या फटीतून बघायला. उजवा पदराखाली, बोटांवर मोजायला. एक, दोन... सात, आणि मी आठ!

बाबा माझ्या दोन्ही हातांकडे बघतच राहिले. "आनि वर कोनता व्हता?"

...

भिकुबाई गेली. सोनी बकऱ्यांमागे जाते, पाटीवर आता मिरच्या वाळतात. परवा विचारत होती, "माय, शाळा कोनी मोडी?" गोवालदादांचं नाव अगदी जिभेवर आलं होतं हो... पण काय करता, मोजणारी मीच. सांगून टाकलं.

धनुबाईने.