शैक्षणिक साहित्य : पेटी एक, शेपटी एक

सर : ...अन् हे तिसरं पान. इथं तुहं मनोगत. 'माजी विद्यार्थ्याचे मनोगत, शब्दमर्यादा दोनशे.' तू कॉलेजात इंग्रजी शिकवते, तुले दोनशे म्हणजे किरकोळ.

अफिफा : आधी चहा घ्या सर. बार्शीटाकळीहून अमरावतीपर्यंत उभ्यानं आलात म्हणता.

सर : चहा घेतोच. पण उद्या अकराले समिती येऊन राहिली आपल्या शाळेत, नमुना पाठ पाहाले. पाठ झाला का हे पुरस्काराची फाइल त्यायच्या हातात. मार्चमंदी मी रिटायर. आदर्श शिक्षक होऊन गेलो तर निरोप समारंभाले जरा वजन येते. नारळ अन् शाल तर शिपायालेही भेटते.

अफिफा : पाठ कोणता घेताय?

सर : कोणता म्हणजे? आपला फेमस. इंटू, आउट ऑफ, अप, डाउन. इंग्रजीत सारी हालचाल हे बारके शब्दच करतात, क्रियापद बिचारं नावाले. पण पुस्तकातून पोरायच्या डोक्यात घुसत नाही. एकोणीस वर्षं झाले, मी करून दाखवून राहिलो. तुही तर पहिली बॅच!

जैनबबी : कोनता, तो मांजरीवाला का, चंद्रभान मास्तर?

सर : वा जैनबबी! तुमाले आठवते?

जैनबबी : आठवते म्हंजे? शेपटी मीच तं शिवली होती. बुरख्याचं कापड उरलं होतं, अंदर कापूस भरला. पोरगी म्हने, अम्मी, नाटकात मेन पार्ट भेटला.

सर : नाटकात?

अफिफा : अम्मी, बिस्किटं बघतेस का आत?

जैनबबी : आत्ताच तं आनली होती. बरं, पाहाते.

सर : नाटक कोणतं म्हणून राहिली तुही आई?

अफिफा : मी घरी तसं सांगितलं होतं. दहा वर्षांची होते. रोज इंग्रजीच्या तासाला सर मला संत्र्याच्या पेटीत बसवतात, हे सांगता येईना.

सर : बसवतात काय? कृतियुक्त अध्यापन होतं ते! हे पाहाय, पान पाच. 'शैक्षणिक साहित्य : पेटी एक, शेपटी एक.' पेट्या चार बदलल्या. शेपटी तीच.

अफिफा : तीच?

सर : दोनदा कापूस भरला फक्त. तुह्या आईचा टाका मजबूत.

अफिफा : आणि पाठ कसा चालतो, तेही लिहिलंय?

सर : सविस्तर. 'द कॅट गेट्स इंटू द बॉक्स.' मांजर पेटीत. 'आउट ऑफ द बॉक्स.' मांजर बाहेर. मंग शब्द जोडत न्याचे. 'अप ऑन टू द टेबल.' 'आउट फ्रॉम अंडर द टेबल.' जसे शब्द लागत जातात तसं मांजर हालते. पोरं हसून हसून बेजार होतात, पण जिंदगीभर विसरत नाहीत. खरं सांग, तू विसरली का?

अफिफा : नाही. आजही वर्गात 'इंटू' म्हटलं की आधी गुडघे दुखतात, मग अर्थ आठवतो.

सर : फरशी जरा खडबडीत होती, ते कबूल.

अफिफा : शेवटचं वाक्य कोणतं असायचं?

सर : 'अफिफा टर्न्ड इंटू अ कॅट.' अफिफाचं मांजर झालं. 'इंटू' म्हणजे नुसतं आत जाणं नाही, एकाचं दुसरं होणंही असते. पाठाचा कळस तो! सारा वर्ग तीन खेपा म्हणे.

अफिफा : 'टर्न्ड बॅक इंटू' कधी घेतलंत?

सर : बॅक इंटू?

अफिफा : मांजराची परत अफिफा झाली.

सर : ते सिलॅबसमंदी नव्हतं बेटा. अन् तोपर्यंत घंटा होऊन जाये.

अफिफा : घंटा झाली आणि मी दहावीपर्यंत मांजरच राहिले. अफिफा फक्त दाखल्यावर.

सर : पोरं चिडवतातच. मलेही पेटीमास्तर म्हणत.

अफिफा : तुमच्या पाठीमागे म्हणायची.

सर : हं.

अफिफा : एक विचारू? बेचाळीस मुलं होती. मीच का?

सर : बारकी होती तू. पेटीत मावत होती.

अफिफा : देशमुखांचा पिंट्या माझ्याहून बारका होता.

सर : देशमुखाच्या पोराले पेटीत बसवलं असतं, तर दुसऱ्या दिवशी देशमुखानं मले पेटीत बसवलं असतं.

अफिफा : म्हणजे?

सर : म्हणजे काय... ज्याच्या घरून कोणी भांडाले येणार नाही, असं पोरगं पाहावं लागे. तुहे अब्बा वारलेले. आई दिवसभर जिनिंग मिलमंदी कापसात. हे... हे मी आजवर कोणाले म्हटलं नाही. फाइलीतही नाही लिहिलं.

अफिफा : 'निवडीचे निकष' असा रकाना आहे इथं.

सर : तिथं 'उत्स्फूर्त सहभाग' लिहिलं.

अफिफा : हे फोटो?

सर : एकोणीस. दरसालचा एक.

अफिफा : ही मी. हा हमालाचा मुलगा. ही धुणीभांडी करणाऱ्या बाईंची. सर, तुम्ही कुठंच चुकला नाहीत. एकाच्याही घरून भांडायला कोणी आलं नसेल.

सर : नाही आलं.

अफिफा : आणि ही शकुन.

सर : शकुन, हो. तुह्या मागची बॅच. सहावीत शाळा सोडली तिनं.

अफिफा : तिला कुणी निवडलं, आठवतं?

सर : मीच निवडली असंन.

अफिफा : मी. तुम्ही विचारलंत, आता पुढच्या वर्षी कोण? मी लगेच तिचं नाव सांगितलं. मधल्या सुट्टीत ती माझ्याबरोबर डबा खायची. शाळेत ती एकटीच मला अफिफा म्हणायची.

सर : लेकरू होती तू.

अफिफा : तेव्हा होते. गेल्या दिवाळीत परतवाड्याच्या स्टँडवर दिसली. टोपलीत पेरू होते. तिनं लांबून हाक मारली, 'अफिफा!' मी जीपमध्ये जाऊन बसले आणि मोबाईल कानाला लावला. फोन आलेलाच नव्हता. तेव्हा मी लेकरू नव्हते, सर.

जैनबबी : मी बी तं आली होती.

अफिफा : अम्मी! कधीची उभी आहेस दारात?

जैनबबी : बिस्किटं कवाचीच भेटली. मास्तर, त्या दिवशी मी जिनिंगातून सुट्टी घेऊन आली होती, नाटक पाहाले. वर्गाच्या खिडकीतून पाहिलं. हे टेबलाखालून निघून राहिली होती, शेपटी मागं. सारे हसून राहिले होते. मले वाटलं, पोरीनं काय पार्ट केला! मी बी हसली. लय हसली. बाजूच्या बाईले म्हटलं, हे माझी पोरगी हाय.

अफिफा : अम्मी, तू कधी बोलली नाहीस...

जैनबबी : आना कप इकडं. चाय थंडी झाली, गरम करते.

(आत स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज.)

अफिफा : उद्याचं मांजर कोण आहे?

सर : आहे एक पोरगी. जूनमंदीच ठरवली.

अफिफा : नाव?

सर : नाव... हजेरीपटात आहे.

अफिफा : हजेरी तुम्हीच घेता ना?

सर : नंबरानं घेतो. तेवीस.

अफिफा : द्या ते तिसरं पान. लिहिते मनोगत.

सर : काय लिहिशील?

अफिफा : जे आत्ता बोललो ते. शकुनचं माझं मी लिहीन, तुमचं तुम्ही सांगितलंत तसं.

सर : मंग पुरस्कार गेला.

अफिफा : गेला.

सर : बंद पाकिटात देता येईन का? समिती गेल्यावर उघडतीन.

अफिफा : सर.

सर : नाही, नुसतं विचारलं. सवय आहे. राहू दे, फाइलच देत नाही मी. पण तू लिही. लिहून मले दे. मले पाहिजे ते.

अफिफा : आणि उद्याचा पाठ?

सर : खडू-फळ्यावर घेतो. समिती झोपून जाईन, जाऊ दे. अकोल्याची गाडी कितीले आहे?

अफिफा : दोन वाजता. चहा तरी...

सर : घेतो, जैनबबीच्या हातचा घेतल्याबिगर कसा जाऊ. पण दोनची सुटली नाही पाहिजे. उजेडात गावात पोचलं पाहिजे. त्या पोरीच्या घरी जाऊन सांगावं लागंन, उद्या पेटीत बसाचं नाही. तिच्या मायनं फ्रॉक धुऊन इस्त्री करून ठेवला असंन.

अफिफा : घर माहीत आहे?

सर : नाही. आज रविवार, शाळेले कुलूप, हजेरीपट अंदर. पण गावात विचारलं तर शेंबडं पोरगंही दाखवते.

अफिफा : कोणाचं घर म्हणून विचाराल?

सर : तेच तर मघापासून पाहून राहिलो, बेटा. गावाले तिचं एकच नाव माहीत आहे, अन् ते मी ठेवलेलं.