रातपाळीची मागची सीट

आता कोंबडा आरवला, त्यात माझा काय दोष, सांगा! पण आमची गंगूबाई माझ्यावरच खेकसती, "अवो, त्याला गप करा की, धम्मा झोपलाय!" भर दुपारी झोपलाय! धम्मपाल आमचा पोरगा. तिकडं घाटात बोगद्याचं काम चाललंय, तितं मशिनीवर हाय. एक हप्ता दिवसपाळी, एक हप्ता रातपाळी... तुमाला सांगतो, मी कमी बोलणारा माणूस, पण ऱ्हावत न्हाई. शिफ्ट बदलली, पण अंगाला कोण सांगणार?

जेवायच्या वक्ताला भाकरी नको म्हणतो, भलत्याच वक्ताला भूक लागती, मग फरसाण, मग छातीत जळजळ, वर बीपीची गोळी! अहो, मला न्हाई अजून गोळी! पौडच्या डॉक्टरीणबाई म्हणल्या, "काका, त्याला रोज एकाच वेळी झोपू द्या." मी साइटवर जाऊन पाळ्या लावणाऱ्या मनीषसाहेबांना हात जोडले. ते म्हणले, "काका, रोटेशन सगळ्यांना सारखंच आहे." व्हय की! जळजळबी सगळ्यांना सारखीच हाय!

आन मागच्या रातपाळीला, सकाळी घरी येताना गाडीवरच डोळा लागला, थेट भाताच्या खाचरात! चिखल होता म्हणून वाचलं हो लेकरू... वर मलाच म्हणतो, "बाबा, लई मऊ होतं, उठूच वाटंना!" हसावं का रडावं? शिफ्ट बदलली, पण अंगाला कोण सांगणार?

तवापास्नं रातपाळी असली की मी सकाळच्या एसटीनं वर घाटात जातो, आन येताना त्याच्या मागं बसून बोलत ऱ्हातो. काय बोलणार? म्हशीचं झालं, मेव्हण्याचं झालं, मेव्हण्याच्या म्हशीचं झालं... जरा थांबलो की त्याच्या पाठीवर थाप! "धम्मा, जागा हायेस न्हवं?" "व्हय बाबा, बोला." बोला! कुटनं आणू?

परवा बोलता बोलता माझाच डोळा लागला. जाग आली तर गाडी दारात, आन वाटंत थांबून त्यानं मला टॉवेलानं सवताच्या कमरंला बांधलेलं! म्हणतो कसा, "बाबा, तुमी पडाल ह्या भीतीनं माझी झोपच उडाली बघा. तुमच्या गप्पांनी उलट पेंग यायची!"

मग काय करता? आता त्याच्या पाठीवर डोकं टाकून, डोळे मिटून, बारीक घोरत बसतो... आन आतनं मी घरापातूर टक्क जागा असतो.