बिरूच्या मायचं मत

काय सांगू तुम्हाला, ही गोष्ट मी लई वर्षं टाळली. कुणी बिरूचं नाव काढलं की मी बैलांना पाणी दाखवायच्या निमित्तानं उठून जायचो. आता बैलही ऱ्हायले न्हाईत. तर घ्या लिहून.

आमचं गाव घनसावंगीच्या अंगाला. आमचं घर जमिनीवालं, आणि जत्रेत खंडोबाच्या भंडाऱ्याचं ताट धरायचा मान आमच्याकडं. सरपंच आमच्या भावकीतलाच, ओसरीवर चहा पिता पिता ठरायचा, बिनविरोध. नदीकडच्या धनगर वस्तीला कुणी विचारत न्हवतं. ते दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचे, यादीत त्यांची नावं नसायची, असली तर आमदारकीला त्यांचं मत दुसराच कुणी टाकून यायचा. मीपण टाकलंय, खोटं कशाला बोलू.

मंग बिरू निघाला. वस्तीतलाच, दहावी शिकलेला. त्यानं घरोघर फिरून बायांची नावं चढवली, अठराव्या वर्षी मत मिळायला लागलं तसं पोरासोरांचीही चढवली, आणि निवडून येऊन सरपंच झाला. ग्रामसभा पारावर घ्यायचा. मला म्हणायचा, नाना, तुमची ओसरी लहान, गाव मोठं. लोक हसायचे, टाळ्या पिटायचे. नळ त्यानं आधी वस्तीला नेला. आमची भावकी म्हणायची, मेंढरं हाकणारा आता आपल्याला हाकून राह्यला.

पुढच्या निवडणुकीला भावकीनं ताट काढलं. आमच्याकडं भंडारा मुठीत घेऊन दिलेला शब्द कुणी मोडत न्हाई, मत गुप्त असलं तरी देवाला बराबर दिसतं. वस्तीतले पुरुष मेंढरांमागं गेल्ते, बिरू तालुक्याला गेल्ता. मी ताट घेऊन एकेका घरी गेलो. म्हणालो, यंदा देवाची पालखी पहिल्यांदा वस्तीत येणार, उचला भंडारा. बाया खूश झाल्या, मूठ भरली. मूठ भरल्यावर मी सांगितलं की शब्द आमच्या भावकीच्या माणसाला मत द्यायचा हाय, आणि हे कुणापाशी बोलायचं न्हाई, हाही शब्द. भरलेली मूठ ताटात परत टाकता येत न्हाई हो.

बिरूची माय म्हातारी. तिनं मूठ परत ताटावर धरली. म्हणाली, नाना, पोटचं पोर हाय माझं. मी म्हणालो, मूठ तर भरली न मावशे, आता देव ऐकून राह्यला.

बिरू त्याच्याच वार्डात पडला. आमच्यातल्यांनी त्याला पारावर गाठून टोमणा मारला, सरपंच, मायनंच पालखीपायी विकलं की तुला. त्यानं घरी जाऊन विचारलं, माय, खरं का? ती बोललीच न्हाई. शब्द दिल्ता न तिनं. पुन्हा विचारलं, पुन्हा न्हाई. तो बायकोपोरं घेऊन परतूरला गेला, मोंढ्यात हमाली करू लागला, आणि मायकडं फिरकला न्हाई.

म्हातारी एकदा मला नदीच्या वाटेवर भेटली. म्हणाली, नाना, शपथेतून मोकळं करता येतं का हो कुणाला? मी म्हणालो, पुजाऱ्याला विचारून सांगतो. विचारलंच न्हाई. विचारलं असतं आणि तो हो म्हणाला असता, तर? ती गेली तवा बिरू मातीला आल्ता, लांब उभा राह्यला, दिवस मावळायच्या आत निघून गेला.

मागच्या साली कापूस घेऊन मी परतूरला गेल्तो. मोंढ्यात मागून आवाज आला, नाना! बिरू. केस पिकलेले. मला चहाच्या गाड्यावर बसवलं, गावातल्या एकेकाची खुशाली विचारली. मी म्हणत होतो, आता सांगू, हा कप संपला की सांगू. मंग तोच म्हणाला, नाना, एक विचारू का? पालखी वस्तीत आली तवा माय नाचली का हो?

मी म्हणालो, लई गर्दी होती बाबा, ध्यानात न्हाई. तेवढ्यात जीपवाला ओरडला, घनसावंगी, घनसावंगी, आणि मी जाऊन बसलो. बिरूनं माझी पिशवी आत दिली.

नाचली न्हाई रे बिरू. पालखी दारावरून गेली, तिनं दार उघडलं न्हाई. तिला मी फसवलं. तिच्यावरचा राग तू माझ्यावर काढ.